शनिवारी सुटलेला बैल

अलिबागच्या आसपासच्या गावांत बेने इस्राएल लोकांना शेजारीपाजारी ‘शनिवार तेली’ म्हणत. तेल गाळायचा धंदा म्हणून तेली, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली. बाहेरच्या यहुदी जगाशी त्यांचा संबंध कित्येक पिढ्या तुटलेला होता. भाषा मराठी झाली होती, आडनावं गावांवरून पडली होती. सुंता, खाण्यापिण्यातले काही निर्बंध, ‘शमा’ची प्रार्थना आणि हा एक वार, एवढं मात्र त्यांनी सोडलं नाही. शेजाऱ्यांना त्यांच्या देवाबद्दल फारसं काही सांगता आलं नसतं; पण हे लोक कोणत्या दिवशी काम करत नाहीत, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं.

मला या नावात त्या लोकांइतकाच त्यांचा बैल दिसतो. ‘घाण्याचा बैल’ म्हटलं की मराठी माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही. डोळ्यांवर झापडं, मानेवर जू, दिवसभर चालून जागच्या जागी. शनिवारी घाणा बंद म्हणजे तो बैलही सुटलेला. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते, दुसऱ्या दिवशी बैलाला औताला लावत नाहीत, पुरणपोळीचा घास भरवतात. ते वर्षातून एकदा. शनिवार तेल्याच्या बैलाला दर आठवड्याला सुट्टी होती, आणि ती मालकाच्या मर्जीवर नव्हती. शास्त्रात त्याच्या नावानं लिहिलेली होती.

दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात, निर्गमच्या विसाव्या अध्यायात आणि अनुवादच्या पाचव्या. शब्बाथाच्या, म्हणजे सातव्या दिवशी काम थांबवण्याच्या, आज्ञेचं कारण या दोन ठिकाणी वेगवेगळं दिलं आहे. निर्गम म्हणतं, देवानं सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तूही थांब. अनुवाद म्हणतं, तू मिसर देशात दास होतास हे आठव, म्हणून थांब. दोन्हीकडे एक यादी आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, जनावरं आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. अनुवादात बैल आणि गाढव यांची नावं वेगळी काढून घेतली आहेत आणि वर हेतूही सांगून टाकला आहे, की तुझ्यासारखाच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा.

ही यादी मी लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केली होती. तिच्यातला ‘तू’ कोण, हे मात्र फार उशिरा लक्षात आलं. ज्याच्या घरी दास आहे, गोठ्यात बैल आहे, वेशीवर ज्याचा शब्द चालतो, तो हा ‘तू’ आहे. आज्ञा दासाला सांगत नाही की थांब. दासाच्या हातात थांबणं नसतंच. ती मालकाचा हात धरते. मिसरात मोशेनं लोकांसाठी रानात तीन दिवसांच्या वाटेवर जायची रजा मागितली, तेव्हा फारो चिडला, की तुम्ही या लोकांना कामावरून थांबवता. मूळ हिब्रूत तिथं फारोच्या तोंडी जो शब्द आहे, तो शब्बाथाच्याच धातूपासून आलेला आहे. मग त्यानं विटांसाठी पेंढा देणं बंद केलं, विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवली, आणि हे लोक आळशी आहेत असा शेरा मारला. त्या विटांच्या कामातून सुटून आलेल्या माणसांना सिनाय पर्वताशी नियमशास्त्र मिळालं. मिसरातून निघणं आधी घडलं, आज्ञा नंतर आल्या. सुटका मिळवण्यासाठी पाळायचे ते नियम नव्हते. सुटलेल्या माणसानं उद्या स्वतःच्या अंगणात छोटा फारो होऊ नये, यासाठी ते दिलेले होते.

नगर जिल्ह्यातल्या ज्या मंडळीत मी वाढले, तिथं ‘नियमशास्त्र’ हा शब्द उपदेशात बहुधा ‘कृपा’ या शब्दाच्या विरुद्ध बाजूला उभा असे. नियमशास्त्र म्हणजे ओझं, कृपा म्हणजे सुटका. त्यामागे प्रेषित पौल आहे, आणि पौलाला बाजूला सारून ख्रिस्ती माणसाला पुढं जाता येत नाही. नियमशास्त्र पाळून कोणी देवापुढं नीतिमान ठरत नाही, हे त्याचं म्हणणं मी मनापासून मानते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो नियमशास्त्राला जो शब्द वापरतो, त्याला मराठी बायबलमध्ये ‘बालरक्षक’ म्हटलं आहे. ग्रीक घरांत हा बहुधा एक दास असे. मालकाच्या पोराला हात धरून शाळेत न्यायचं, परत आणायचं, वाटेत खोड्या करू द्यायच्या नाहीत, एवढं त्याचं काम. पोरगं मोठं झालं की बालरक्षकाचं काम संपलं. कलस्सैकरांना तोच पौल सांगतो की सण, अमावास्या, शब्बाथ या पुढं येणाऱ्या गोष्टींच्या सावल्या होत्या. रोमकरांना सांगतो, कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, ज्यानं त्यानं आपल्या मनाची खात्री करून घ्यावी.

यावरून पुष्कळ ख्रिस्ती माणसं सरळ निष्कर्ष काढतात की खून करू नको, चोरी करू नको या आज्ञा चालू आहेत आणि चौथी, शब्बाथाची, तेवढी निवृत्त झाली. हा निष्कर्ष मला पटत नाही. पौलानं जे संपवलं, ते नियम पाळून देवाकडं आपली पत वाढवणं. शेजाऱ्याला नियमशास्त्रानं जे संरक्षण दिलं, ते त्यानं कुठंही काढून घेतलेलं नाही. उलट शेजाऱ्यावर प्रीती करणं हेच नियमशास्त्राचं पूर्ण पालन, असं तो गलतीकरांना आणि रोमकरांना लिहितो. आणि कर्मानं तारण मिळवण्याच्या खटाटोपात शब्बाथाला ओढायचं तरी कसं? सगळ्या आज्ञांत ही एक अशी, जिच्यात करायचं काहीच नाही. कार्ल बार्थ या धर्मपंडितानं एका गोष्टीकडं लक्ष वेधलं होतं. उत्पत्तीच्या कथेत माणूस सहाव्या दिवशी घडतो, म्हणजे त्याच्या वाट्याला आलेला पहिला पूर्ण दिवस हा विसाव्याचा आहे. त्यानं अजून एक ढेकूळही फोडलेलं नाही, आणि सुट्टी आधीच आहे. कृपा याहून वेगळी काय असते?

धर्मसुधारक कॅल्विननं या आज्ञेचे तीन उपयोग सांगितले. माणसानं आपली कामं थांबवून देवाला आपल्यात काम करू द्यावं, हा पहिला. मंडळीनं एकत्र जमून वचन ऐकावं, हा दुसरा. आणि दुसऱ्याच्या हुकमाखाली राबणाऱ्यांना दम घेता यावा, हा तिसरा. आमच्या उपदेशांत हा तिसरा नेहमी शेवटी येतो आणि घाईत उरकला जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच्यापासून सुरुवात करावी. सुरुवात तिथून केली की पहिल्या दोघांचाही अर्थ लागतो. त्याला शेवटी ठेवलं की तो गळूनच पडतो. कोणता वार खरा यावर मंडळ्यांनी शतकानुशतकं वाद घातला, आजही शनिवार पाळणारे ख्रिस्ती आहेत आणि त्यांच्या निष्ठेचा मला आदर वाटतो. पण वाराच्या वादात यादी मागं पडते, याचं मला दुःख होतं.

येशूनं शब्बाथाच्या बाबतीत काय केलं, हे लूकच्या तेराव्या अध्यायात फार जवळून दिसतं. सभास्थान आहे, शब्बाथ आहे, येशू शिकवतो आहे. एक बाई आहे, अठरा वर्षं कमरेतून वाकलेली, मान वर करून समोर पाहता न येणारी. तिनं काही मागितलेलं नाही. तो तिला पाहतो, बोलावतो, तिच्यावर हात ठेवतो आणि ती सरळ उभी राहते. सभास्थानाचा अधिकारी रागावतो, पण येशूला तोंडावर बोलत नाही. जमलेल्या लोकांना सुनावतो की कामाला सहा दिवस आहेत, त्या दिवसांत या आणि बरे व्हा. मग येशू विचारतो की तुमच्यातला प्रत्येक जण शब्बाथ दिवशी आपला बैल किंवा गाढव गोठ्यातून सोडून पाण्यावर नेतो ना? मग अब्राहामाच्या या लेकीला तिच्या बंधनातून सोडवायला नको? मूळ ग्रीकमध्ये बैल सोडण्याला आणि बाईला सोडवण्याला एकच क्रियापद आहे. हा केवळ हजरजबाबीपणा नाही. आज्ञेच्या यादीतला बैल त्यानं उचलला आणि आज्ञा कशासाठी आहे ते त्या बैलावरून दाखवून दिलं. शब्बाथ म्हणजे दावं सोडण्याचा दिवस, तर त्या दिवशी हिचं दावं सोडणं हेच शब्बाथाचं पालन झालं.

अशा कथांवरून आपण नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या परुश्यांना फार सहज झोडपतो, ते थांबायला हवं. शब्बाथ दिवशी लढायचं नाही म्हणून मक्काबींच्या काळात सुमारे हजार यहुदी माणसं, बायका आणि पोरं प्रतिकार न करता मारली गेली, आणि त्यानंतरच मक्काबींचा म्होरक्या मत्तथ्या आणि त्याच्या साथीदारांनी ठरवलं की हल्ला झाला तर शब्बाथ दिवशीही लढायचं. ज्यांच्या पूर्वजांनी या दिवसासाठी जीव दिला, ते त्याच्या नियमांबाबत काटेकोर असणारच. पुढं मिश्नेत निषिद्ध कामांचे एकोणचाळीस प्रकार मोजले गेले, पण त्याच रब्बींनी प्राण वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा, असंही ठरवलं. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, या येशूच्या म्हणण्याशी जवळजवळ जुळणारं वचन एका रब्बीच्या नावावरही आहे. तेव्हा हा यहुदी विरुद्ध ख्रिस्ती असा वाद नव्हे. नियमशास्त्र जिवंत ठेवायचं असेल, तर ते कोणाच्या बाजूनं वाचायचं, असा तो वाद आहे.

ख्रिस्ती सत्ता आली तेव्हा आम्ही ते कोणाच्या बाजूनं वाचलं, हे पाहावं. ३२१ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं रविवारच्या विश्रांतीचं फर्मान काढलं. न्यायाधीश, शहरातले लोक, कारागीर यांनी रविवारी काम थांबवावं. शेतीला मात्र सूट, कारण पेरणीची किंवा द्राक्षवेली लावण्याची वेळ एकदा चुकली की परत येत नाही. ऐकायला समंजस वाटतं. पण निर्गमचा चौतिसावा अध्याय उघडला तर नेमकं उलट लिहिलेलं आहे: नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही सातव्या दिवशी थांब. मोशेच्या शास्त्राला ठाऊक होतं की सबब तिथूनच येणार. ज्या दिवसांत थांबणं परवडत नाही असं मालकाला वाटतं, त्याच दिवसांत मजुराची कंबर मोडते. आज्ञेची खरी परीक्षा सुगीत असते, आणि सम्राटानं नेमकी सुगी वगळली.

आमचं चर्च साखर कारखान्याच्या रस्त्यावर होतं. थंडीच्या दिवसांत, गाळप जोरात असताना, रविवारच्या उपासनेच्या वेळी बाहेरून उसाच्या टायरगाड्या जायच्या. पाळक दहा आज्ञा वाचायचे आणि दाराबाहेर गाडीवानाचा आवाज, चाबकाचा आवाज, चढावर घसरणाऱ्या खुरांचा आवाज. एकदा गाडी दारासमोरच अडली. मी खिडकीजवळ होते. उजवीकडच्या बैलाच्या खांद्यावरची कातडी सोलली होती आणि तिथं कापड गुंडाळलेलं होतं. गाडीवर उसाच्या मोळ्यांवर एक बाई बसली होती, पोराला पदराखाली घेऊन. आत त्या वेळी चौथी आज्ञा चालू होती. दास, दासी, बैल, परका, सगळी यादी बाहेर रस्त्यावर उभी होती आणि आम्ही सगळे आत विसावा घेत होतो.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे अंगावर पडतात. आजारपणाचा खाडा, पाळीच्या दिवसांचा खाडा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात आला आणि चौकशीसाठी समिती नेमावी लागली. काम चुकू नये म्हणून शरीराचा एक अवयवच काढून टाकावा, इथपर्यंत गोष्ट गेली होती. एवढं झाल्यावरही ‘शब्बाथ ही सावली होती, ती सरली’ असं कोणी म्हटलं, तर मी विचारीन, सरली ती कोणाच्या डोक्यावरून?

मुंबईच्या गिरणीतही हेच झालं होतं. इंग्रजांच्या ख्रिस्ती राजवटीत सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत. १८८१च्या फॅक्टरी कायद्यानं महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, त्या फक्त लहान मुलांना. मोठ्या माणसाला आठवड्याचा म्हणून वार नव्हता. १८८४च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या, नारायण मेघाजी लोखंडे अध्यक्ष होते, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात मागणी होती आठवड्यातून रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळं कामगारांना तो आपलाच वाटला असेल. पण मला ख्रिस्ती म्हणून हे लिहून ठेवायचं आहे की ख्रिस्ती राज्यात ख्रिस्ती दिवस साहेबाला आणि कारकुनाला आयता मिळाला, मजुराला तो एका सत्यशोधकानं झगडून मिळवून दिला. चौथ्या आज्ञेच्या यादीतली ‘दास आणि दासी’ ही ओळ मुंबईत पाळली गेली ती त्यांच्यामुळं.

स्वतःपुरता दिवस पाळणं सोपं असतं असं मी म्हणत नाही. धावपटू एरिक लिडेल १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या शर्यतीत उतरला नाही, कारण तिच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. मग चारशे मीटर धावला आणि सुवर्णपदक मिळवलं. ती कथा सगळ्यांना माहीत असते. पुढची मला जास्त मोलाची वाटते. चीनमध्ये मिशनरी असताना जपान्यांनी त्याला वेइश्येनच्या छावणीत स्थानबद्ध केलं. तिथल्या कोंडलेल्या मुलांना रविवारी खेळायला मनाई होती, मुलं तरी खेळली, आणि पंच नसल्यानं भांडणं झाली. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उभा राहिला. १९४५ साली तो त्याच छावणीत वारला. पॅरिसमध्ये त्यानं दिवस पाळला आणि वेइश्येनमध्ये मोडला, असं मला वाटत नाही. दोन्हीकडं त्यानं तो पाळला.

आता माझ्या घरातलं. आजीचा रविवार शनिवारी दुपारपासून सुरू व्हायचा. दळण आणून ठेवायचं, पाणी भरायचं, धाग्यादोऱ्याचं काम असेल तर दिवे लागायच्या आत उरकायचं. रविवारी सुई हातात धरायची नाही, बाजारातून काही आणायचं नाही. आम्हा मुलांना याचा अभिमान वाटे. पण उपासना संपली की पाळकसाहेब किंवा दुसऱ्या गावचे कोणी पाहुणे जेवायला असत. आजोबा ओसरीवर त्यांच्याशी वचनावर बोलत, आणि आजी मटणाचा रस्सा आणि वीस-पंचवीस भाकऱ्या करून तीन वाजता चुलीपुढून उठे. आठवड्यातला तिचा सर्वांत कष्टाचा दिवस तो. मोठेपणी मी आज्ञेची यादी पुन्हा वाचली तेव्हा ध्यानात आलं की तिच्यात मुलगी आहे, दासी आहे, गाढव आहे, बायको नाही. ती ‘तू’ या शब्दातच धरलेली आहे, असं भाष्यकार म्हणतात. असेल. आमच्या घरी ती कशातच धरलेली नव्हती. यादी अपुरी राहू शकते, आणि मग तिच्या हेतूनं ती पुढं वाढवावी लागते. येशूनं बैलापासून त्या वाकलेल्या बाईपर्यंत ती वाढवलीच होती.

आजीसाठी काही करता आलं नाही. माझ्याकडं मात्र गेली काही वर्षं धुण्याभांड्याला एक मावशी येतात. मी रविवारी उपासनेला निघायची तेव्हा त्या मोरीपाशी बसलेल्या असायच्या. एके दिवशी म्हटलं, “मावशी, आजपासून रविवारी येऊ नका.” त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि विचारलं, “खाडा धरणार का, ताई?” नाही म्हणून सांगितलं. दोन महिन्यांनी कळलं की त्या रविवारी एका मंगल कार्यालयात भांडी घासायला जातात. सुरुवातीला मला वाईट वाटलं, आपण दिलेलं त्यांनी वाया घालवलं असं. मग निर्गमचा सोळावा अध्याय आठवला. रानात इस्राएल लोकांसाठी मान्ना, म्हणजे आकाशातली भाकर, पडायचा तो सहाव्या दिवशी दुप्पट पडायचा. आज्ञेचे दगड अजून सिनायवरून खाली यायचे होते. त्याआधी सातव्या दिवसाची भाकरी पोचलेली होती. काही लोक तरी सातव्या दिवशी गोळा करायला बाहेर गेले आणि रिकाम्या हातांनी परतले, पण त्यांच्या घरात तरी आदल्या दिवसाचं होतं. मावशींच्या घरात नव्हतं. मी त्यांना वार दिला होता, सहाव्या दिवसाचं दुप्पट माप दिलं नव्हतं.

मी विचारलं, कार्यालयात एका रविवारचे किती मिळतात. “चारशे, आणि जेवण,” त्या म्हणाल्या. त्या महिन्यापासून त्यांच्या पगाराचा हिशेब मी त्या चार-पाच रविवारांचे प्रत्येकी चारशे धरून करते. रविवारी त्या आता काय करतात, हे मी विचारलेलं नाही.